नीसमधलं साधं हॉटेल: खोली शोधण्यापासून चावी परत देईपर्यंत

खोली नऊ चौरस मीटरची होती, मुंबईच्या हिशोबात जेमतेम दहा बाय दहा. दोन पलंग, भिंतीला टेकलेलं टेबल, एक खुर्ची, कोपऱ्यात शॉवर, आणि आतल्या चौकात उघडणारी हिरव्या लाकडी झडपांची खिडकी. आई आणि मी तिथे सहा रात्री राहिलो. निघायच्या सकाळी मालकीणबाईंनी आईच्या हातात लिंबाच्या जॅमची छोटी बाटली ठेवली. एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नसताना दोघी दारात पाच मिनिटं बोलत उभ्या होत्या.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, इटलीच्या हद्दीजवळचं हे नीस. समुद्रासमोर नेग्रेस्को नावाचं, १९१३ साली उघडलेलं गुलाबी घुमटाचं हॉटेल आहे. नीसच्या कुठल्याही पोस्टकार्डावर ते दिसतंच, आणि ते पाहून पुष्कळ जण ठरवून टाकतात की हे शहर आपल्या खिशाला झेपणारं नाही. हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. हे शहर दोनशेहून अधिक वर्षं पाहुण्यांना सांभाळत आलं आहे. इंग्रज लोक थंडी चुकवायला इथे येत. १८२०च्या दशकात त्यांच्याच पैशातून, गावातल्या बेकार गरिबांच्या हाताला काम मिळावं म्हणून, समुद्राकाठी एक पायवाट तयार झाली. तोच आजचा सुमारे सात किलोमीटरचा प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे 'इंग्रजांचा रस्ता'. २०२१ साली युनेस्कोनं नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही हिवाळी पाहुण्यांचं शहर म्हणूनच. समुद्रासमोरची मोठी हॉटेलं हा त्या परंपरेचा दर्शनी भाग झाला. मागच्या गल्ल्यांत एखाद्या कुटुंबानं चालवलेली पंधरा-वीस खोल्यांची हॉटेलं हाही त्याच परंपरेचा भाग आहे.

मी तिथे तीनदा राहिले आणि ओळखीच्या बऱ्याच जणांना बेत आखून दिले. ते सगळं इथे क्रमानं लिहिते.

आधी तारखा, मग हॉटेल

एकाच खोलीचा भाव तारखेनुसार दुप्पट होऊ शकतो, म्हणून विमानाचं तिकीट पाहण्याआधी कॅलेंडर पाहा. फेब्रुवारीत दोनेक आठवडे नीसचा कार्निव्हल असतो. मे महिन्यात शेजारच्या कान या शहरात चित्रपट महोत्सव असतो. कान ट्रेननं अर्ध्या-पाऊण तासावर असल्यामुळे तिथे जागा न मिळालेली माणसं नीसमध्ये उतरतात. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला मोनाकोची मोटारशर्यत असते, तिचीही तीच गत. जुलै-ऑगस्टमध्ये तर सगळं फ्रान्सच समुद्रावर येतं.

आपल्यासाठी सर्वांत चांगले दिवस म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात. समुद्रात उतरायचं असेल तर सप्टेंबरच घ्या, कारण तेव्हा पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पावसाचे दिवस असतात. भाव उतरतात, पण बेत पावसाच्या हवाली करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ ऊन आणि कमी गर्दी मिळते. थंडी आपल्या महाबळेश्वरच्या जानेवारीपेक्षा बरीच जास्त, पण स्वेटर-जॅकेटनं भागते. साध्या, दोन तारांकित हॉटेलातली दोघांची खोली या बिनगर्दीच्या दिवसांत साधारण ७० ते १०० युरोत मिळते. उन्हाळ्यात तेच हॉटेल याहून बरंच वर जातं.

कोणती गल्ली

नकाशावर तीन गोष्टी शोधा: नीस-व्हिल हे रेल्वे स्टेशन, तिथून समुद्राकडे सरळ उतरणारी झाँ मेद्सँ ही मोठी पेठ, आणि पेठेच्या टोकाचा प्लास मासेना हा काळ्या-पांढऱ्या फरशीचा चौक. स्टेशनपासून समुद्र चालत वीस मिनिटांवर आहे. मध्य नीस याच पट्ट्यात येतं आणि साधी हॉटेलं बहुतेक इथेच आहेत.

स्टेशनच्या अगदी समोरच्या गल्ल्यांत सर्वांत स्वस्त खोल्या मिळतात. पहाटेची ट्रेन किंवा जड सामान असेल तर ही जागा सोयीची आहे. मात्र रात्री उशिरा तिथली वर्दळ प्रत्येकाला मानवेल असं नाही. एकटी बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर मी पेठ आणि समुद्र यांच्यामधला, पश्चिमेकडचा 'संगीतकारांचा मोहल्ला' सुचवते. तिथल्या रस्त्यांना रोसिनी, व्हर्दी, गुनो, बेर्लिओझ अशी नावं आहेत. तीन-चार मजली जुन्या इमारती, लोखंडी नक्षीचे सज्जे, कोपऱ्यावर बेकरी, आणि रात्री दहानंतर शांतता. स्टेशन आणि समुद्र दोन्ही दहा-बारा मिनिटांवर.

जुनं नीस, म्हणजे अरुंद बोळांचा पिवळ्या-गेरू भिंतींचा भाग, दिसायला फारच सुंदर आहे. पण तिथे लिफ्ट क्वचितच असते, जिने उंच असतात, आणि खाली खाणावळी-बार असल्यामुळे आवाज मध्यरात्रीपर्यंत चालतो. तिथे फिरायला रोज जा, झोपायला नको. बंदराचा भाग शांत आहे आणि ट्रामही येते. दोनदा राहून झाल्यावर तिसऱ्या वेळेला तो घ्यायला हरकत नाही.

एक चूक नवखे लोक हमखास करतात. हॉटेलच्या नावात 'नीस' दिसतं, भाव कमी दिसतो, आणि प्रत्यक्षात ते विमानतळाशेजारी किंवा पलीकडच्या गावात निघतं. बुकिंगच्या आधी हॉटेलपासून प्लास मासेनापर्यंत चालत किती मिनिटं ते नकाशावर मोजा. पंचवीसच्या वर गेलं तर सोडून द्या.

खोलीचं वर्णन कसं वाचायचं

फ्रान्समध्ये हॉटेलचे तारे सरकारी पद्धतीनं मिळतात. दाराशी लाल पाटीवर ते दिसतात आणि दर पाच वर्षांनी त्यांची नव्यानं तपासणी होते. पण तारे मोजतात ते क्षेत्रफळ आणि सोयी. एक-दोन ताऱ्यांना दोघांची खोली किमान नऊ चौरस मीटर लागते, तीन ताऱ्यांना न्हाणीघर धरून साडेतेरा. आदरातिथ्याला तारा नसतो. त्यामुळे दोन तारे पाहून नाक मुरडू नका. परीक्षणं वाचताना 'खोली लहान' या तक्रारीकडे दुर्लक्ष करा. मालक, मालकीण किंवा रिसेप्शनवरच्या माणसाचा उल्लेख किती जण आपणहून करतात ते पाहा. चाळीसातल्या पंधरा जणांनी 'बाईंनी नकाशावर खुणा करून दिल्या', 'सामान सांभाळलं' असं लिहिलं असेल, तर ते हॉटेल बिनधास्त घ्या.

आता शब्द. 'ग्राँ ली' म्हणजे एकच मोठा पलंग. जुन्या हॉटेलांत हा 'मोठा' पलंग १४० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे जेमतेम साडेचार फूट. नवरा-बायकोला चालेल, पण आई-मुलगी किंवा दोन मित्र असतील तर 'ली ज्युमो', म्हणजे वेगळे दोन पलंग मागा. 'सुर रू' म्हणजे रस्त्याकडची खोली, 'सुर कूर' म्हणजे आतल्या चौकाकडची. रस्त्याकडच्या खोलीला उजेड आणि कधी सज्जा असतो. चौकाकडच्या खोलीला शांत झोप आणि बऱ्याचदा पाच-दहा युरो कमी भाव. मी दर वेळी चौकाकडची घेते. सकाळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून कॉफीचा वास येतो, समोर कोणी झडपा उघडतं, आणि आपण एखाद्या वाड्यात राहतो आहोत असं वाटतं.

'सुर ल पालिए' हे शब्द दिसले तर संडास खोलीबाहेर, जिन्याच्या चौथऱ्यावर आहे असं समजा. वयस्कर माणसं असतील तर ती खोली घेऊ नका. 'क्लिमातिझे' म्हणजे एसी असलेली. जून ते सप्टेंबर तो हवाच, एरवी त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मजले आपल्यासारखेच मोजतात: तळमजला म्हणजे 'रे-द-शोसे', त्यावरचा पहिला. मात्र काही जुन्या इमारतींत मध्ये एक बुटका मजला असतो, त्यामुळे चौथा मजला प्रत्यक्षात पाचव्याइतके जिने चढायला लावतो.

हॉटेलला स्वतः मेल लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. बुकिंगच्या संकेतस्थळावर हॉटेल शोधा, परीक्षणं वाचा, पण मग हॉटेलचा स्वतःचा पत्ता शोधून एक मेल टाका. फ्रान्समध्ये २०१५च्या कायद्यानं हॉटेलांना मुभा दिली आहे की ती थेट येणाऱ्या पाहुण्याला संकेतस्थळापेक्षा कमी दर देऊ शकतात. लहान हॉटेलाला संकेतस्थळाच्या दलालीचा मोठा फटका बसत असतो. तो वाचला की कधी दर कमी होतो, कधी नाश्ता त्यातच मिळतो, आणि काहीच नाही तरी चांगली खोली तुमच्या नावावर लागते.

मेल लहान ठेवा, साध्या इंग्रजीत चालेल, पण सुरुवात 'बाँझूर' या शब्दानं करा. त्यात इतकं लिहा: येण्या-जाण्याच्या तारखा, किती माणसं आणि त्यांची वयं, दोन पलंग की एक, चौकाकडची खोली हवी, लिफ्ट आहे का, कोणत्या मजल्यावर, आणि तुम्ही साधारण किती वाजता पोहोचणार. शेवटी एक ओळ स्वतःबद्दल. मी लिहिलं होतं: 'माझी आई एकोणसत्तर वर्षांची आहे, तिचा हा पहिला युरोप प्रवास आहे, आणि तिला समुद्र फार आवडतो.' उत्तरात मालकीणबाईंनी पहिल्या मजल्यावरची खोली दिली आणि लिहिलं की शॉवरला पायरी नाही. संकेतस्थळावरच्या फिल्टरमधून हे मिळालं नसतं.

दर, तारखा आणि 'रद्द कधीपर्यंत करता येईल' हे लेखी घ्या. कार्डचा नंबर मेलमध्ये लिहून पाठवू नका, फोनवर सांगा किंवा हॉटेलनं दिलेल्या सुरक्षित दुव्यावर भरा.

दराशिवाय 'ताक्स द सेझूर' नावाचा शहराचा कर माणशी, रात्रीमागे लागतो. साध्या हॉटेलांत तो थोडाच असतो आणि अठरा वर्षांखालच्यांना माफ असतो. हॉटेल तो वेगळा मागतं तेव्हा फसवणूक होते आहे असं समजू नका.

व्हिसाचं थोडक्यात

फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हातात ठेवा, उन्हाळ्याच्या आधी भेटीच्या वेळा मिळत नाहीत. मोठ्यांची फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो, आणि इथेही थेट मेल उपयोगी पडतो: पासपोर्टवर आहेत तशी सगळ्यांची नावं, तारखा आणि हॉटेलचा पत्ता असलेलं पत्र मागा. छोटी हॉटेलं ते आनंदानं देतात. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा. व्हिसापुरतं खोटं बुकिंग मात्र करू नका, ते पडताळलं जातं.

पोहोचण्याचा दिवस

भारतातून नीसला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे थेट नीसला उतरता येतं, किंवा पॅरिसहून वेगवान ट्रेननं पावणेसहा-सहा तासांत पोहोचता येतं. विमान शक्यतो दुपारी उतरेल असं बघा, कारण लहान हॉटेलाचं रिसेप्शन रात्रभर उघडं नसतं.

दुसऱ्या खेपेला आमचं विमान लांबलं आणि आम्ही रात्री पावणेबाराला हॉटेलच्या दाराशी उभ्या होतो. दार बंद, आत अंधार. आदल्या दिवशी त्यांनी दाराचा आकडी कोड मेलवर पाठवला होता आणि चावी कुठल्या पेटीत असेल तेही लिहिलं होतं. तो मेल मी उघडला नव्हता, आणि फोनला तिथलं नेटवर्क अजून लागलं नव्हतं. आईला घेऊन वीस मिनिटं फुटपाथवर काढावी लागली. तेव्हापासून मी निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलचा शेवटचा मेल, दाराचा कोड, फोन नंबर आणि पत्ता कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवते. तुम्हीही ठेवा.

विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांवरून ट्रामची दोन नंबरची लाइन मध्य शहरात येते. झाँ मेद्सँ थांब्याला साधारण पंचवीस मिनिटांत पोहोचता. विमानतळावरून चढणाऱ्यांचं तिकीट शहरातल्या नेहमीच्या तिकिटापेक्षा महाग आहे, यंत्रावर नीट वाचून घ्या आणि डब्यात चढल्यावर ते यंत्राला लावायला विसरू नका. चौघं असाल आणि सामान बरंच असेल तर टॅक्सी परवडते. विमानतळ ते मध्य शहर हा दर ठरवून दिलेला आहे. बसण्याआधी 'फोर्फे' हा शब्द उच्चारा, म्हणजे ठरलेल्या दरावर बोलणं होतं.

मग ते दार. फ्रान्समध्ये दुकानात, बसमध्ये, हॉटेलात, कुठेही शिरताना आधी 'बाँझूर मादाम' किंवा 'बाँझूर मस्य' म्हणतात, संध्याकाळी 'बाँस्वार'. त्यानंतरच कामाचं बोलायचं. आपण थकलेले असतो, सरळ पासपोर्ट पुढे करतो आणि 'बुकिंग आहे' म्हणतो. आपल्याकडे कोणी घरात शिरून चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात जावं, तसं ते त्यांना वाटतं. बाँझूर म्हणा, क्षणभर थांबा, उत्तर येऊ द्या. चेहरा बदललेला दिसेल.

खोली दुपारी दोन-तीननंतर मिळते. लवकर आलात तर सामान ठेवायला सांगा, बहुतेक ठिकाणी आनंदानं ठेवतात. लिफ्ट दोन माणसांची असते, तीही अंग चोरून. आधी बॅग वर पाठवा, मग माणसं.

खोलीत शिरल्यावर

पहिल्या दहा मिनिटांत गरम पाणी, खिडकीची कडी, दिवे आणि दाराचं कुलूप तपासा. काही बिघडलेलं असेल तर लगेच खाली सांगा.

आपल्याला अडचण होते ती संडासात. जेट नसतो, बादली-मग नसतो. घडीचा प्लास्टिकचा मग किंवा दाबून पाणी उडवायची बाटली घरूनच न्या. शॉवरच्या बाहेर फरशीला बहुधा जाळी नसते, पाणी बाहेर सांडलं तर खोलीत जातं, म्हणून पडदा आतल्या बाजूला सोडून अंघोळ करा. भिंतीतलं सॉकेट दोन गोल पिनांचं असतं. मोबाइलचा आपला दोन पिनांचा चार्जर बसतो, तीन जाड पिनांना मात्र अडॅप्टर लागतो.

किटली बहुतेक नसते. चहाचं पाणी खालून मागा, थर्मास भरून देतात. खोलीत शेगडी किंवा पाणी तापवायची कांडी लावू नका. लाकडी जिन्याच्या जुन्या इमारती आहेत, आगीची भीती त्यांना खरोखर असते.

उशीखाली लांबलचक गोल गुंडाळी दिसेल, तिला 'त्राव्हेर्सँ' म्हणतात. आईनं ती पाहिली आणि म्हणाली, 'अगं, हा तर लोड!' वेगळी उशी हवी असेल तर कपाटाच्या वरच्या फळीवर पाहा.

आणि त्या झडपा. नीसच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी पट्ट्यांच्या झडपा असतात आणि त्यांच्या खालच्या अर्ध्याला एक छोटी फळी बाहेर उचलता येते. दुपारी झडप पूर्ण बंद करून फक्त ती फळी उचला: ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो, आणि खोलीत मधासारखा उजेड पसरतो. चित्रकार आंरी मातीस १९१७ साली नीसला आले ते हॉटेलातच उतरले, आणि हॉटेलची खोली, तिची खिडकी, तिच्या झडपा हाच त्यांच्या कितीतरी चित्रांचा विषय झाला. १९५४ साली त्यांचं निधनही नीसमध्येच झालं. त्यांचं संग्रहालय सिमिएच्या टेकडीवर आहे. तिथे गेलात तर आधी एक दुपार आपल्या खोलीत त्या उजेडात पडून काढा आणि मग जा.

खाणंपिणं

हॉटेलचा नाश्ता म्हणजे पाव, क्रुआसाँ, लोणी, जॅम, कॉफी. त्याचे वेगळे पैसे असतात. रोज घेऊ नका, पण पहिल्या दिवशी जरूर घ्या. शहराची खरी माहिती त्याच टेबलावर मिळते. आमच्या मालकीणबाईंनी नकाशाची झेरॉक्स काढून पेन्सिलीनं तीन गोल केले: सकाळी लवकर उघडणारी बेकरी, फळवाला आणि त्या स्वतः पोहायला जातात ती जागा. बाकीचे दिवस आम्ही बेकरीतून ताजा पाव आणून चौकातल्या बाकावर खाल्ला.

शाकाहारी माणसाची नीसमध्ये उपासमार होत नाही, कारण इथे सोक्का आहे. जुन्या नीसमध्ये लाकडाच्या भट्टीपाशी उभं राहून बघा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढंच, पातळ भिजवलेलं. ते परातीएवढ्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या गोल तव्यात ओततात आणि तवा भट्टीत सारतात. काही मिनिटांत कडा जळक्या तपकिरी होतात, मध्ये फोड येतात. मग कलथ्यानं खरवडून, तुकडे करून, कागदावर टाकून देतात, वर मिरपूड भरपूर. तिखट नाही, ओवा नाही, पण पहिला घास घेताच कळतं की हे आपलं डाळीच्या पिठाचं धिरडं आहे. कडेला कुरकुरीत आणि आत मऊ. गरमच खा, दोन मिनिटांत गार होऊन चिवट होतं.

बाकी स्थानिक पदार्थांत सावध राहा. सालाद निस्वाज आणि पाँ बान्यात यांत ट्यूना मासा असतो, पिस्सालादिएर या कांद्याच्या पोळीत खारवलेली मासळी असते, भरल्या भाज्यांत बहुधा खिमा असतो. 'साँ व्हियाँद, साँ प्वासाँ' म्हणजे मांस नाही, मासे नाहीत. दोन्ही म्हणा, कारण नुसतं 'मांस नको' म्हटलं तर मासा येऊ शकतो. दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचं सातनंतर. मधल्या वेळेत खाणावळी बंद. दुपारचा ठरलेला थाळीसारखा 'फोर्म्यूल' रात्रीच्या जेवणापेक्षा बराच स्वस्त पडतो, म्हणून मोठं जेवण दुपारी करा. पाणी विकत घेऊ नका: 'यून काराफ दो' म्हटलं की नळाचं पिण्यायोग्य पाणी फुकट आणून देतात.

घरून चिवडा, भाकरवडी, खाकरे न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत.

वाचलेले पैसे आणि दिवस

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर संध्याकाळ काढायची सवय असलेल्या माणसाला प्रोमनाद सांगावा लागत नाही. तशीच कमान, तसेच दिवे. निळ्या खुर्च्या सगळ्यांसाठी आहेत. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. रबरी तळाचे पाण्यातले बूट नेलेत तर पोहता येईल, नाहीतर दहा पावलं टाकणंही अवघड. आणि एक गंभीर सूचना: काठापासून दोन-चार पावलांतच पाणी एकदम खोल होतं. लहान मुलं आणि पोहता न येणारी माणसं यांना एकटं सोडू नका. सार्वजनिक किनारा फुकट आहे, पैसे लागतात ते गाद्या-छत्र्या मांडलेल्या खाजगी पट्ट्यांत.

किल्ल्याच्या टेकडीवर जायला फुकट लिफ्ट आहे, समुद्राकडच्या बाजूनं, बेलांदा बुरुजाशी. दुपारी बाराला तिथून तोफेसारखा मोठा बार होतो, दचकू नका. एका स्कॉटिश गृहस्थानं बायको गप्पांतून वेळेवर जेवायला परत यावी म्हणून तो सुरू केला, अशी गोष्ट सांगतात. टेकडीखाली कूर सालेयाचा फुलांचा आणि भाजीचा बाजार असतो. सोमवारी मात्र तिथे जुन्या वस्तू मांडतात, भाजी मिळत नाही.

एक पूर्ण दिवस काठाकाठानं पूर्वेकडे जाणाऱ्या लोकल ट्रेनला द्या. व्हिलफ्रांश सात-आठ मिनिटं, मोनाको वीस-पंचवीस, माँताँ चाळीसच्या आत. जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बसा, समुद्र तिकडे आहे. व्हिलफ्रांशला गोटे बारीक आहेत आणि पाणी शांत, आईनं तिथेच पहिल्यांदा पाय भिजवले. परतताना बंदराकडे येणारी ६०७ नंबरची बस घ्या. काठाच्या वळणावळणाच्या रस्त्यानं येते आणि साध्या तिकिटात.

काही बिघडलं तर

एकदा एका हॉटेलात, लेखी सांगूनही, रस्त्याकडची खोली मिळाली. पहाटे पाचला कचऱ्याची गाडी खिडकीखाली. आम्ही रात्री भांडलो नाही. सकाळी नाश्त्याआधी, माणूस मोकळा असताना, मेल दाखवून विचारलं, 'आज चौकाकडची खोली रिकामी होते आहे का?' अकराला खोली सुटली आणि दुपारी सामान हलवलेलं होतं. लहान हॉटेलात रिकामी खोली कधी होईल हे दहा-अकराच्या सुमारास कळतं. विचारायची वेळ तीच.

पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत किंवा रिसेप्शनकडे ठेवा, बाहेर जाताना झेरॉक्स घ्या. ट्राममध्ये, स्टेशनवर आणि बाजारात पाकीटमार असतात, पिशवी पुढे घ्या. तातडीच्या मदतीला ११२. संपाची बातमी असेल तर आदल्या रात्री रिसेप्शनवर विचारा, कोणत्या गाड्या धावणार हे त्यांना माहीत असतं.

निघताना

बहुतेक ठिकाणी अकरापर्यंत खोली सोडायची असते. विमान रात्रीचं असेल तर सामान ठेवून दिवस मोकळा मिळतो. खोली झाडणाऱ्या बाईंसाठी रात्रीमागे एक-दोन युरो टेबलावर ठेवा, वर 'मेर्सी' लिहिलेली चिठ्ठी. नाहीतर ते पैसे विसरलेले समजून त्या हात लावत नाहीत. परीक्षण लिहाल तेव्हा खोलीची मापं आणि शॉवरची पायरी यांबद्दल नक्की लिहा, वयस्कर आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांना तेच हवं असतं.

आणि चावी परत देण्याआधी तिच्या पितळी बिल्ल्यावरचा खोलीचा आकडा टिपून ठेवा. आमचा १४ होता. पुढच्या मेलमध्ये 'बाँझूर'नंतर लगेच तोच लिहायचा.